बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आक्रमक होते तेव्हा काय करावे : नाशिकमधील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

घरातील बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी वयात आल्यावर अंगावर धावून येऊ लागते, चावते, ओरबाडते, वस्तू फेकते किंवा स्वतःचेच डोके भिंतीवर आपटून घेते, तेव्हा बहुतेक कुटुंबे सुरुवातीचे महिने ‘कोणत्या डॉक्टरकडे जायचे’ या एकाच प्रश्नात घालवतात. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी घरात कोणाला इजा होणार नाही याची व्यवस्था लागते, आणि वर्तनाच्या उपचारासाठी तज्ज्ञांसमोर बसण्याआधी हातात एक नीट लिहिलेली वही लागते. वही नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ असोत, मानसशास्त्रज्ञ असोत की शाळेतील बाई असोत, सर्वांना आपल्या सांगण्यावरच विसंबून राहावे लागते, आणि थकलेल्या माणसाच्या सांगण्यात ‘तो सारखाच चिडतो हो’ याच्या पलीकडे फारसे काही नसते.

सासूबाईंचे वय झाल्यावर माझ्या दिराची जबाबदारी माझ्याकडे आणि माझ्या पतीकडे आली. दीर चौतिशीत आहे, त्याला मध्यम स्वरूपाचे बौद्धिक दिव्यांगत्व आहे, लहानपणापासून फिट येतात आणि बोलण्यात मोजकेच शब्द आहेत. आम्ही सिडकोत राहतो. पुढील पायऱ्या ज्या क्रमाने मांडल्या आहेत, त्याच क्रमाने त्या कराव्यात असा माझा आग्रह आहे. कागदपत्रांची पायरी आठवी असली तरी ते काम पहिल्या दिवसापासून समांतर सुरू ठेवता येते.

१. आधी घर सुरक्षित करा

एका संध्याकाळी घरात फिरून पाहावे आणि रागाच्या भरात हाताशी येईल असे काय काय आहे ते हलवावे. सुऱ्या, विळी, कात्र्या आणि खलबत्ता कुलपाच्या कपाटात ठेवावेत, काचेचा टीपॉय काढून टाकावा, गॅस केवळ शेगडीवर बंद न करता सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशीही बंद करण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. न्हाणीघराची आणि संडासाची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बदलून घ्यावी, कारण आत कोंडून घेतलेल्या आणि डोके आपटणाऱ्या व्यक्तीपर्यंत दार फोडून पोहोचणे कोणाच्याही हिताचे नसते. गॅलरीला जाळी असावी. व्यक्ती आणि दार यांच्यामध्ये आपण बसू नये, म्हणजे तिचीही बाहेर जाण्याची वाट मोकळी राहते आणि आपलीही.

यानंतर माणसांची व्यवस्था करावी. प्रसंग उद्भवल्यास लहान मुलांना कोण उचलेल, ती कोणाच्या घरी थांबतील आणि शेजारच्या काकूंना फोनवर नेमका कोणता शब्द उच्चारला की त्या दार उघडून उभ्या राहतील, हे आधीच ठरलेले असावे. तीन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत : पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि टेलिमानससाठी १४४१६. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यविषयक विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, ती चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता ती विशेष उपयोगी पडते.

येथेच एक धोक्याची सूचना. खोलीत कोंडणे आणि पलंगाला किंवा खिडकीच्या गजाला बांधणे हे उपाय आपल्याकडे अजूनही सांगितले जातात. बांधलेली व्यक्ती शांत झालेली नसते, ती फक्त हलू शकत नसते, आणि सुटल्यावरचा उद्रेक पहिल्यापेक्षा मोठा असतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने संपूर्ण निषिद्ध केले आहे, आणि ‘बाधा उतरवण्याच्या’ नावाखाली दोरखंडाने बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे नातेवाईक अमुक ठिकाणच्या महाराजांचे नाव सुचवू लागले, तर त्यांना कायद्याचे नाव सांगावे. वाद लवकर मिटतो.

२. शरीर तपासून घ्या

ज्याला ‘माझे पोट दुखते’ असे सांगता येत नाही, त्याचे पोट दुखते तेव्हा तो काय करेल, हा विचार सर्वांत आधी करावा. वर्तन एकाएकी बदलले असेल, म्हणजे पूर्वी शांत असलेली व्यक्ती गेल्या काही आठवड्यांत मारू लागली असेल, तर कारण शरीरात सापडण्याची शक्यता बरीच असते. नेहमीच्या डॉक्टरांना खालील गोष्टी एकेक करून तपासायला सांगाव्यात आणि त्यांची यादी लिहूनच न्यावी, कारण ‘हा असाच आहे’ असे म्हणून तपासणी न करता परत पाठवण्याचा अनुभव अनेक कुटुंबांना येतो :

- दात, दाढा आणि हिरड्या
- कानातील मळ किंवा कानाचा संसर्ग
- बद्धकोष्ठता (दोन-तीन दिवस शौचास न होणे हे फार वारंवार आढळणारे कारण आहे)
- आम्लपित्त, विशेषतः जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढत असेल तर
- लघवीचा संसर्ग
- मुलींमध्ये पाळीच्या आधीचे व पाळीतील दुखणे
- झोप, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे
- थायरॉइड, आणि डाउन सिंड्रोम असल्यास ही तपासणी नियमितपणे
- दृष्टी आणि ऐकू येणे
- फिट येण्याचे प्रमाण आणि फिटच्या औषधांत अलीकडे झालेला बदल

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबते. फिटवरील काही औषधांनी, त्यांत लेव्हेटिरासेटाम आणि फिनोबार्बिटोन ही नावे ठळक आहेत, काही व्यक्तींमध्ये चिडचिड आणि आक्रमकता वाढते. औषध बदलल्याची तारीख आणि वर्तन बिघडल्याची तारीख एकमेकींच्या जवळ असतील तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. मात्र फिटची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. ती एकदम थांबवल्यास फिट थांबता थांबत नाही अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते.

आमच्या दिराने एका उन्हाळ्यात जेवताना ताट भिरकावायला सुरुवात केली. वरणभात असला की ताट जागेवर राहायचे आणि बाजरीची भाकरी असली की उडायचे. घरातल्यांनी त्याचा अर्थ ‘लाडावला आहे, भाकरी नको असते’ असा काढला होता. पण तो भाकरीचा घास एकाच गालात धरतो आणि दुसऱ्या बाजूने चावतच नाही, हे शेजारी बसून पाहिल्यावर लक्षात आले. मागची दाढ आतून पोखरली होती. दाढेवर उपचार झाले आणि ताट फेकणेही थांबले. अशा व्यक्तींना दाताच्या खुर्चीत बसवणे अवघड असते, काही वेळा पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून त्याची सोय आहे का हे पंचवटीतील दंत महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी जाऊन दुखणे उद्भवण्याआधीच विचारून ठेवावे.

३. नोंदवही सुरू करा

या संपूर्ण मार्गदर्शनातील एकच पायरी करण्याइतकी ताकद उरली असेल, तर ही करावी. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक प्रसंगासाठी तीन गोष्टी लिहाव्यात : आधी काय चालले होते, त्या व्यक्तीने नेमके काय केले आणि त्यानंतर लगेच इतरांनी काय केले. जोडीला वेळ, जागा, हजर असलेली माणसे, त्या दिवसाची झोप आणि शौच यांची नोंद असावी. नमुन्यादाखल आमच्या वहीतील एक नोंद देते :

‘मंगळवार, सायंकाळी ६.४०. स्वयंपाकघर. आधी : मिक्सर चालू होता, बाहेर पाहुणे मोठ्याने बोलत होते, सहाचा चहा मिळालेला नव्हता. काय केले : पातेले खाली आपटले, माझ्या दंडाला नखे लावली. नंतर : मी मिक्सर बंद केला, चहा दिला, पाहुणे गॅलरीत गेले. चार-पाच मिनिटांत शांत. काल रात्री झोप तुटक. शौचास दोन दिवस नाही.’

या नोंदीत ‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘मुद्दाम केले’ असे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहायचे असते. ‘विनाकारण मारले’ अशी नोंद तर कधीच करू नये. कारण दिसले नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. अशा कोऱ्या जागा पुष्कळ जमल्या आणि त्या सर्व पहाटेच्या किंवा जेवणानंतरच्या असल्या, तर तीच मोठी माहिती असते.

नवख्या कुटुंबांची गल्लत येथे साधारणपणे दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे फक्त मोठे प्रसंग लिहिले जातात. छोटा धक्का, फेकलेली चप्पल, स्वतःच्या मनगटाला घेतलेला चावा हेही लिहावे, आणि ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवशी ‘आज काही नाही’ असे लिहून त्या दिवशी काय वेगळे होते तेही टिपावे. दुसरी म्हणजे वही एकट्या आईनेच लिहायची असे गृहीत धरले जाते. कार्यशाळेत (दिव्यांग प्रौढांच्या कामाच्या जागी) सोडणारे रिक्षावाले दादा, दुपारी येणाऱ्या मावशी, आजोबा, सर्वांना विचारून नोंद करावी. लिहिता येत नसेल तर त्यांनी मोबाइलवर आवाज मुद्रित करून पाठवला तरी चालतो. दोन ते तीन आठवडे सलग नोंद झाल्याशिवाय निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

४. नोंदींमधून कारण शोधा

वही भरली की निवांत बसून प्रत्येक प्रसंगानंतर त्या व्यक्तीला काय मिळाले किंवा कशातून सुटका झाली, एवढेच पाहावे. बहुतेक प्रसंग चार कारणांपैकी एकात बसतात. नकोशा कामातून, जागेतून किंवा आवाजातून सुटका हवी असते; कोणाचे तरी लक्ष हवे असते; एखादी वस्तू, खाणे किंवा मोबाइल हवा असतो; किंवा ती कृतीच शरीराला बरी वाटत असते. वर दिलेल्या नोंदीत तर एकाच वेळी दोन कारणे आहेत, आवाज थांबणे आणि चहा मिळणे, आणि दोन्ही गोष्टी नखे लावल्यावरच घडल्या आहेत. म्हणजे नखे लावल्याने काम होते हा धडा आमच्याच स्वयंपाकघरात गिरवला जात होता.

एकच कृती वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकते. घरी केस ओढणे म्हणजे ‘माझ्याकडे बघ’ आणि शाळेत केस ओढणे म्हणजे ‘मला येथून जाऊ द्या’ असा प्रकार असू शकतो, आणि दोन्हीकडे एकच उपाय लावला तर एकीकडे तो उलटतो. लक्ष हवे म्हणून मारणाऱ्या मुलाला खोलीबाहेर काढल्याने फरक पडू शकतो, पण सुटका हवी म्हणून मारणाऱ्याला बाहेर काढणे हे बक्षीसच ठरते.

कारण उमगत नसेल तर वही घेऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा अनुभवी विशेष शिक्षकांकडे जावे. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे, आणि तेथे भारतीय मुलांसाठी तयार केलेली वर्तनमापन पट्टी आपल्याकडील विशेष शाळांतील शिक्षकांना परिचित असते. त्या पट्टीचा एक भाग केवळ समस्यावर्तनाचा आहे. ज्यांच्याकडे जाल त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारावे. ‘वर्तन सुधारून देतो’ अशा पाट्या लावून बसलेले बरेच जण या नोंदणीशिवाय काम करतात, आणि महिन्याचे पैसे मात्र आगाऊ घेतात.

५. मारण्याऐवजी दुसरा मार्ग शिकवा

ज्या कारणासाठी मारले जाते ते कारण मारल्याशिवाय साधता आले, तर मारण्याची गरज उरत नाही. सगळे उपचार या एका तत्त्वावर उभे आहेत. दिराला आम्ही ‘पुरे’ असे चित्र असलेले कार्ड दिले : पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल पंजा, वरून प्लास्टिक चढवलेले, पँटच्या खिशात मावेल एवढे. शांत वेळी, मिक्सर मुद्दाम काही क्षण चालवून, त्याचा हात धरून ते कार्ड उचलायला लावायचे आणि कार्ड वर येताच मिक्सर बंद करायचा. सुरुवातीला कार्डाचा मान प्रत्येक वेळी आणि तत्काळ राखावा लागतो, चटणी अर्धवट राहिली तरी. कार्डावर विश्वास बसला की मगच ‘एक मिनिट थांब’ हे हळूहळू शिकवता येते. कोणाला कार्ड जमत नसेल तर हाताची खूण, एखादा शब्द किंवा टेबलावर ठेवलेली घंटीही चालते. जी कृती मारण्याहून सोपी असेल तीच टिकते.

जोडीला दिवसाचा चित्रतक्ता भिंतीवर लावावा : दात घासणे, अंघोळ, नाश्ता, कार्यशाळा, जेवण, झोप, चहा, फिरणे. बदल होणार असेल तर तक्त्यातील चित्र आधी बदलावे आणि मगच बदल करावा. टीव्ही बंद करण्यापूर्वी, घराबाहेर पडण्यापूर्वी दोनदा सूचना द्यावी. निवड करू द्यावी, अगदी निळा शर्ट की पिवळा एवढीच का होईना. सांगताना वाक्य छोटे असावे आणि एका वेळी एकच सांगावे. ‘उठ, आवर, चप्पल घाल, रिक्षा आली’ या एका दमातील चार आज्ञांपैकी त्याच्यापर्यंत फक्त आवाजाची पट्टी पोहोचते.

नवा मार्ग शिकवताना जुन्या मार्गाने काही मिळेनासे झाले की वर्तन सुधारण्याआधी काही दिवस बिघडते, हे सर्व घराला आधी सांगून ठेवावे. पूर्वी एकदा आपटले की बिस्किट मिळत होते, आता मिळत नाही, म्हणून तो दहादा आपटून पाहणार. नेमक्या अशा वेळी ‘जाऊ दे गं, एक दिल्याने काय होते’ असे म्हणत आजी पदराआडून बिस्किट देतात आणि दहादा आपटल्यावर नक्की मिळते ही नवी शिकवण पक्की होते. एकत्र कुटुंबात उपचार बहुधा येथेच फसतो. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना सायकॉलॉजिस्टच्या भेटीला सोबत न्यावे. सुनेने सांगितलेले आणि तज्ज्ञांनी सांगितलेले यांत फरक पडतो, असे मी पाहिले आहे.

शिक्षा म्हणून जेवण तोडणे, आवडती वस्तू दिवसभर काढून घेणे किंवा फटका मारणे यांतून तो शिकतो ते एवढेच, की बलवान माणसाने मारायचे असते. वयात आल्यावर बलवान तोच होतो.

६. प्रसंग घडत असताना

या वेळी शिकवणे, समजावणे, माफी मागायला लावणे, सर्व बंद. आपले काम फक्त इजा टाळण्याचे असते.

चेहरा लाल होणे, येरझारा, हात चोळणे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे अशा पूर्वखुणा दिसताच आवाज, माणसे आणि मागण्या कमी कराव्यात. समोरासमोर न उभे राहता थोडे तिरके, हातभर लांब उभे राहावे. एकानेच बोलावे, खालच्या पट्टीत आणि मोजके. बाकीच्यांनी खोलीतून निघून जावे.

केस धरले गेले तर मागे ओढू नये. आपला तळवा त्याच्या मुठीवर ठेवून ती मूठ आपल्याच डोक्याशी दाबून धरावी, म्हणजे ओढ कमी होते, आणि पकड सैल होईपर्यंत थांबावे. चावा घेतला असेल तर अवयव हिसकावू नये, त्याने लचका तुटतो, तो उलट तोंडाच्या दिशेने हलकेच दाबावा. माणसाच्या चाव्याने जखम झाली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण ती लवकर चिघळते.

पकडून ठेवण्याची वेळ आलीच तर पालथे पाडून पाठीवर किंवा छातीवर बसू नये. त्याने श्वास कोंडून मृत्यू झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. स्वतःचे डोके आपटणाऱ्याच्या डोक्याखाली उशी सरकवावी. उद्रेकानंतर बेशुद्धी, उलटी किंवा फिट आली तर थेट १०८ ला फोन करावा.

शांत झाल्यावर पाणी द्यावे आणि निदान अर्धा तास काहीही मागू नये. वही मात्र लगेच उघडावी.

७. मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधे

त्र्यंबक नाक्याजवळील जिल्हा शासकीय रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे, आणि आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय तसेच खासगी मानसोपचारतज्ज्ञ हे इतर पर्याय आहेत. केसपेपर काढण्यासाठी लवकर जावे आणि शक्य असल्यास दोघांनी जावे, एकाने रांगेत उभे राहावे आणि दुसऱ्याने रुग्णाला बाहेर झाडाखाली बसवावे. गर्दीच्या बाकावर ताटकळल्यानंतर डॉक्टरांना जे वर्तन दिसते, त्यावरून औषधाची मात्रा ठरू नये.

औषधांबाबत माझे मत स्पष्ट आहे : नोंदवहीच्या आधी गोळी नको, आणि गोळी सुरू झाली म्हणून नोंदवही बंद नको. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. बौद्धिक दिव्यांगत्व आणि आक्रमक वर्तन असलेल्या ८६ प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल (दोन्ही मनोविकारांवरील औषधे) आणि काहींना औषध नसलेली दिखाऊ गोळी देण्यात आली. चार आठवड्यांनी आक्रमकता तिन्ही गटांत घटली, आणि सर्वाधिक घट दिखाऊ गोळीच्या गटात दिसली. यावरून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत. ऑटिझममधील तीव्र चिडचिडीवर रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल यांचा उपयोग होतो, आणि बरोबरीने नैराश्य किंवा मनोविकार असेल तर त्याचे उपचार व्हायलाच हवेत. पण केवळ मारतो म्हणून गोळी आणि वर्षानुवर्षे तीच गोळी, याला आधार नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी औषधे वर्तनोपचारांच्या जोडीनेच द्यावीत, तीन-चार आठवड्यांनी परिणाम तपासावा आणि सहा आठवड्यांत फरक नसेल तर ती थांबवावीत.

त्यामुळे चिठ्ठी हातात घेताना डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : हे औषध कोणत्या लक्षणासाठी आहे, फरक किती दिवसांत दिसायला हवा, काय दिसले तर लगेच कळवायचे आणि ते बंद केव्हा करायचे. वजन, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीलाच मोजून घ्यावे. रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढते, मुलींची पाळी चुकू शकते, हातपाय ताठू शकतात. मान किंवा डोळे एका बाजूला वळून अडकले तर थांबू नये, रुग्णालय गाठावे. आणखी एक फसवा परिणाम म्हणजे आतून येणारी अस्वस्थता : माणूस एका जागी बसू शकत नाही, सतत येरझारा घालतो, आणि घरच्यांना वाटते की आजार वाढला, मात्रा वाढवायला हवी. झोपेच्या काही गोळ्यांनीही अशा व्यक्ती शांत होण्याऐवजी उलट बेफाम होऊ शकतात.

जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणत राहू नये. गोळ्या आपण होऊन अचानक थांबवूही नयेत. आणि ‘लग्न करून द्या, आपोआप शांत होईल’ हा सल्ला, जो आजही शिकलेल्या माणसांकडून मिळतो, ऐकूनही घेऊ नये. त्यात आणखी एका जिवाची फरपट असते.

८. कागदपत्रे

पुढील कागद एका प्लास्टिक फाइलमध्ये, प्रत्येकाच्या दोन छायाप्रतींसह ठेवावेत :

- दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र)
- आधार कार्ड, रेशन कार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- बुद्धिमापन व सामाजिक प्रगल्भता चाचणीचे अहवाल
- फिटचे आणि इतर औषधांचे सर्व जुने केसपेपर
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
- अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाचा आदेश
- निरामय विम्याचे कार्ड

प्रमाणपत्रासाठी आधी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि मग सिव्हिलमध्ये तपासणी होते. कोणत्या विकाराची तपासणी कोणत्या वारी असते ते अगोदर विचारून जावे, नाहीतर इगतपुरी-सुरगाण्याहून आलेल्या माणसाचा दिवस आणि भाडे दोन्ही वाया जातात. सौम्य दिव्यांगत्वाला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के धरले जातात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाखालील बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. बालपणी मिळालेले प्रमाणपत्र नूतनीकरणाचे असते, त्यावरील तारीख पाहून ठेवावी.

पालकत्वाकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते, त्यामुळे अर्ज त्या समितीकडे करावा. बँक, शस्त्रक्रियेची संमती, वारसा अशा सर्व ठिकाणी तो आदेश विचारला जातो. याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा असून त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही समावेश आहे. संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

यूडीआयडी कार्डाची एक प्रत त्या व्यक्तीच्या खिशात कायम असू द्यावी. बाहेर कोणाला धक्का लागला आणि जमाव जमला, तर ते कार्ड आपल्या तोंडच्या दहा वाक्यांपेक्षा लवकर काम करते.

९. शाळा, कार्यशाळा आणि नाशिकचे सणवार

रजनीताई लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेल्या प्रबोधिनीमुळे नाशिकला विशेष शाळेची आणि प्रौढांसाठीच्या कार्यशाळेची परंपरा आहे, आणि त्यानंतर इतर संस्थाही उभ्या राहिल्या. प्रवेश घेताना आक्रमकतेची गोष्ट लपवू नये. लपवल्यास पहिल्या प्रसंगानंतर ‘घेऊन जा’ असा फोन येतो, आणि त्या फोनवरून मुलगाही शिकतो की मारले की घरी जायला मिळते. वहीची प्रत आणि कार्ड शिक्षकांना द्यावे, घरी आणि तेथे एकच पद्धत राहील असे ठरवून घ्यावे. रिकामा वेळ हे उद्रेकाचे मोठे निमित्त असते. ज्याला पाण्याच्या बादल्या उचलणे, कुंड्यांना पाणी घालणे, घड्या घालणे असे अंगमेहनतीचे काम मिळते तो संध्याकाळी बराच निवळलेला असतो.

सणांचे कॅलेंडर काढून त्यावर आवाजाचे दिवस रंगवावेत. नाशिक ढोल हा आपल्या अभिमानाचा विषय आहे खरा, पण ज्याचे कान आवाजाला हळवे आहेत त्याच्यासाठी गणेश विसर्जनाची मिरवणूक, रंगपंचमीची रहाड (रंगीत पाण्याचा हौद), राम आणि गरुड रथाची गर्दी किंवा लग्नसराईतील डीजे म्हणजे शिक्षाच असते. त्या दिवशी घराच्या आतल्या खोलीत पंखा, कानावर इअरमफ आणि आवडते काम अशी तयारी ठेवावी, किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला सकाळीच निघून जावे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत राहणाऱ्यांनी २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद असतील हे धरून औषधांचा महिनाभराचा साठा आधीच करून ठेवावा.

१०. सांभाळणाऱ्यांची पाळी

एकच माणूस वर्षानुवर्षे सांभाळत असेल तर त्याचा आवाज आपसूक चढतो आणि त्यामुळे दिव्यांग व्यक्तीचे वर्तन बिघडते. आठवड्यातील काही तास दुसऱ्या कोणीतरी घ्यावेत, आणि त्या माणसासाठी कपाटाच्या आतील बाजूस एक पान चिकटवलेले असावे. त्यावर पुढील मजकूर पुरतो : नाव, वय, रक्तगट, चालू औषधे व वेळा, फिट आल्यास काय करावे, चिडण्याच्या पूर्वखुणा, काय केले की शांत होतो, काय कधीच करू नये, ‘पुरे’ कार्ड कोठे असते, कोणाला फोन करावा. औषध बदलले की ते पान त्याच दिवशी नव्याने लिहावे आणि त्यावर तारीख टाकावी.